टॅब किती मोठा हवा?

गेली काही वर्षे बाजारात तेरा-चौदा इंची पडद्याचे टॅब मिळू लागले आहेत. २०१० साली ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड आला तेव्हा त्याचा पडदा ९.७ इंचांचा होता. २०१५ मध्ये त्याच कंपनीने १२.९ इंची आयपॅड काढला आणि २०२२ मध्ये सॅमसंगने १४.६ इंचांपर्यंत मजल मारली. टॅब आता लॅपटॉपच्या मापाचा झाला आहे. यावर शिक्षकांच्या खोलीत ऐकू येणारा प्रश्न साधा असतो : लॅपटॉपएवढाच टॅब घ्यायचा, तर मग लॅपटॉप काय वाईट?

प्रश्न दुकानातला वाटतो, पण तो शाळेचाही आहे. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब वाटले. पाठ्यपुस्तके टॅबमध्ये भरली की दप्तराचे ओझे कमी होईल, अशी त्यामागची कल्पना. या योजनेची किंमत, पुरवठा आणि नादुरुस्त टॅब यांवर पुष्कळ चर्चा झाली. पण पाठ्यपुस्तकाचे एक पान त्या पडद्यावर केवढे दिसते, आणि ते वाचायला मुलाला टॅब डोळ्यांपासून किती अंतरावर धरावा लागतो, हा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही. माहुलच्या पालिका शाळेतल्या मुलाला टॅब दुकानातून निवडायचा नसतो. त्याच्यासाठी तो निविदेतल्या एका ओळीने निवडलेला असतो. म्हणून ती ओळ तपासणे आपले काम आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. शाळेचा टॅब मोठाच हवा. मात्र त्याने लॅपटॉपची बरोबरी करण्याची गरज नाही, बरोबरी करायची ती पुस्तकाच्या पानाशी. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण फूटपट्टी हातात घेतली की त्या वेगळ्या निघतात.

पडद्याचे माप इंचात सांगतात ते त्याच्या विकर्णाचे. विकर्ण सारखा असला तरी लांबी-रुंदीचे गुणोत्तर बदलले की पडद्याची रुंदी बदलते, हे पायथागोरस शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडताळून पाहता येईल. आता पानाचे माप घेऊ. बालभारतीची अलीकडची बरीच पुस्तके ए-४ च्या जवळपासच्या आकाराची आहेत. आपल्या हातातले पुस्तक मोजून पाहा. हिशोबासाठी पान नेमके ए-४ धरू, म्हणजे २१ सें.मी. रुंद आणि २९.७ सें.मी. उंच. या पानाचा विकर्ण काढला तर तो सुमारे ३६.४ सें.मी., म्हणजे १४.३ इंच येतो. आपण वर्षानुवर्षे मुलांच्या हातात देत आलो ते पुस्तक, टॅबच्या भाषेत, सव्वाचौदा इंची आहे! चौदा इंची टॅब ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे अखंड पान निरनिराळ्या पडद्यांवर बसवून पाहू. सात इंची पडदा, गुणोत्तर ५ : ३, म्हणजे १५.२ गुणिले ९.१ सें.मी. तो उभा धरला तर पान मूळच्या सुमारे ४४ टक्के आकाराचे दिसते. १०.१ इंची, १६ : १० चा पडदा उभा धरल्यास १३.६ सें.मी. रुंद, पान ६५ टक्के. पहिल्या आयपॅडचा पडदा ९.७ इंचीच, पण गुणोत्तर ४ : ३, त्यावर पान ६६ टक्के बसते. जवळजवळ अर्धा इंच लहान असूनही तो मागे पडत नाही. १२.९ इंची, ४ : ३ चा असेल तर ८८ टक्के आणि १४.६ इंची, १६ : १० चा असेल तर ९४ टक्के.

आता लॅपटॉप घेऊ. नेहमीचा १५.६ इंची लॅपटॉप, गुणोत्तर १६ : ९. त्याचा पडदा आडवा असतो आणि तो उभा करता येत नाही, कारण खाली कळफलक जोडलेला आहे. पडद्याची उंची १९.४ सें.मी. त्यात २९.७ सें.मी. उंचीचे पान अखंड बसवायचे तर ते ६५ टक्के होते. म्हणजे साडेपंधरा इंची लॅपटॉप अखंड पान जेवढे दाखवतो, तेवढेच दहा इंची टॅब उभा धरून दाखवतो. चौदा इंची लॅपटॉपवर तर पान ५९ टक्केच राहते, पहिल्या आयपॅडपेक्षाही लहान. लॅपटॉपच्या पडद्याचा उरलेला भाग पानाच्या दोन्ही बाजूंना रिकामा पडून राहतो. तो चित्रपटासाठी ठीक आहे.

तेव्हा ‘लॅपटॉपएवढा टॅब म्हणजे कळफलक काढून टाकलेला लॅपटॉप’ ही समजूत चुकीची आहे. वाचण्याच्या कामात इंचाला इंच धरले तर टॅब सरस ठरतो, आणि तो केवळ उभा धरता येतो म्हणून. लॅपटॉपच्या मापाचा टॅब वाचनासाठी लॅपटॉपहून वेगळी वस्तू आहे. तिची तुलना पुस्तकाशीच व्हावी.

यावर कोणी म्हणेल, पान लहान दिसले तर काय बिघडले? पडदा थोडा जवळ धरावा. मुले नेमके तेच करतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुस्तक आपण साधारण ४० सें.मी. अंतरावर धरून वाचतो असे समजू. पान ४४ टक्के आकाराचे झाले, तर अक्षराचा डोळ्याशी होणारा कोन पूर्वीइतकाच ठेवण्यासाठी अंतरही ४४ टक्के करावे लागेल, म्हणजे साडेसतरा सें.मी. दहावीच्या विज्ञानात आपण सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर २५ सें.मी. असे शिकवतो, त्याहून जवळची वस्तू पाहताना डोळ्यावर ताण येतो, असे सांगतो. आणि तेच पुस्तक सात इंची टॅबमध्ये भरून विद्यार्थ्याला साडेसतरा सेंटिमीटरवर वाचायला लावतो. पुस्तकातल्या धड्याने त्या पुस्तकाच्याच पडद्याला नापास करावे, असे उदाहरण क्वचितच सापडेल.

हाच हिशोब डायॉप्टरमध्ये मांडला तर अधिक स्पष्ट होतो. जवळचे पाहताना डोळ्याचे भिंग फुगते. किती डायॉप्टरने, ते मीटरमधील अंतराच्या व्यस्ताइतके. ४० सें.मी. साठी २.५ डायॉप्टर. साडेसतरा सें.मी. साठी ५.७. दहा इंची टॅबवर तेच पान २६ सें.मी. वरून वाचावे लागते, म्हणजे ३.८, १२.९ इंचीवर ३५ सें.मी. वरून, २.८. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याची समायोजन शक्ती सरासरी १४ डायॉप्टरच्या आसपास असते, त्यामुळे ते साडेसतरा सेंटिमीटरवरचे वाचू शकते आणि तक्रारही करत नाही. पण घटकाभर करता येणे आणि रोज दोन-तीन तास करणे यांत फरक आहे. पन्नाशीच्या शिक्षकाची ही शक्ती साडेतीन डायॉप्टरवर आलेली असते, तेव्हा चष्म्याशिवाय त्याला त्या अंतरावरचे वाचताच येणार नाही. टॅबवरची पुस्तके तपासून मंजूर करणारे बहुधा याच वयाचे असतात, हे सहज जाता जाता.

येथे एक सावधगिरी. जवळून काम केल्याने मुलांना लघुदृष्टी येते का, यावर बरीच वर्षे संशोधन चालू आहे आणि बाहेरच्या उजेडात घालवलेल्या वेळाचाही त्यात वाटा दिसून येतो. ‘टॅबने चष्मा लागतो’ असे सरसकट वाक्य आम्ही लिहिणार नाही. पण लहान पडदा डोळ्याला विनाकारण जास्त राबवतो, एवढे म्हणायला वरची आकडेमोड पुरेशी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट घरोघर दिसली. माहुलला प्रकल्पग्रस्तांच्या इमारती आहेत. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवल्या तेव्हा तेथील अनेक कुटुंबे इकडे हलवली गेली. घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. एवढ्यात स्वयंपाक, झोप, अभ्यास आणि दूरदर्शन संच. शाळा बंद होत्या. शाळेचे वर्ग वडिलांच्या फोनवर चालत, आणि त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागे. यांतले डोळ्याला बरे कोणते?

पुष्कळ जण म्हणतील, संच मोठा, म्हणून चित्र मोठे. तसे नाही. बत्तीस इंची संचाचा पडदा ७१ सें.मी. रुंद, अडीच मीटरवरून पाहिल्यास तो डोळ्याशी सुमारे १६ अंशांचा कोन करतो. सहा इंची फोन आडवा धरला तर साडेतेरा सें.मी. रुंद, तो ३० सें.मी. वरून २५ अंशांचा कोन करतो. डोळ्याच्या लेखी फोनच मोठा! फरक आहे तो समायोजनात. संच पाहायला डोळ्याला ०.४ डायॉप्टर पुरतात, फोनला ३.३ लागतात. मोठ्या पडद्याचा खरा फायदा हा आहे : तेवढेच चित्र तो दुरून दाखवतो. फोनवर पाठ्यपुस्तकाचे अखंड पान काढले तर ते मूळच्या ३२ टक्के होते. पुस्तकाइतके स्पष्ट दिसायला फोन १३ सें.मी. वर न्यावा लागतो. फोनमध्ये तोंड घालून बसलेल्या मुलाला आपण रागावतो, तेव्हा ते फक्त भूमितीचे नियम पाळत असते.

मग इतके लहान पडदे शाळा-महाविद्यालयांसाठी निवडले कोणी? याचे उत्तर शोधताना ‘आकाश’कडे वळावे लागते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने हा टॅब समारंभपूर्वक सादर केला. सात इंची पडदा, ८०० गुणिले ४८० बिंदू. पहिल्या आवृत्तीचा स्पर्शपडदा दाबावर चालणारा होता, बोट जोरात टेकवावे लागे. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित ‘आकाश-२’ आला. त्याचा स्पर्श चांगला होता, प्रक्रियक वेगवान होता, पण पडदा तेवढाच राहिला. त्याची चाचणी आणि महाविद्यालयांतील वापर यांचे काम पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. पवई आणि माहुल दोन्ही मुंबईच्या उपनगरांतच, त्यामुळे हे काही दूरचे उदाहरण नव्हे. सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हातात संगणक पोचावा ही तळमळ खरी होती. तिची टिंगल करणाऱ्यांत आम्हाला सामील व्हायचे नाही. २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

आमची टीका वेगळ्या मुद्द्यावर आहे. या प्रकल्पात किंमत आधी ठरली, पस्तीस डॉलर, आणि पडदा नंतर. किंमत ठरल्यावर पडद्याचा आकार आपोआप ठरतो, कारण टॅबच्या खर्चात पडद्याचा वाटा मोठा असतो आणि तो क्षेत्रफळाबरोबर वाढतो. सात इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौ.सें.मी., १४.६ इंचीचे ६१८. विकर्ण दुप्पट, क्षेत्रफळ साडेचार पट. त्या प्रमाणात काच, मागचा प्रकाश आणि बॅटरीही वाढते. किंमत महत्त्वाची नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या वस्तूचे काम पान दाखवणे आहे, तिच्यात पान बसते की नाही हे किमतीआधी पाहायला हवे होते. तसे पूर्वी एकाने पाहिलेही होते. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मुलांसाठी हातात धरायच्या संगणकाची कल्पना मांडली, तिला त्याने ‘डायनाबुक’ नाव दिले. ते यंत्र कधी बनले नाही. पण त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत : आकार वहीएवढा, वजन चार पौंडांपेक्षा कमी, आणि पडद्यावर छापील दर्जाची किमान ४,००० अक्षरे मावली पाहिजेत. किती इंच, यापेक्षा किती अक्षरे, असा विचार त्याने केला.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर देवनागरीकडे पाहू. आकाशच्या पडद्याची रुंदी उभ्या स्थितीत ४८० बिंदू. समास वगळता ओळीच्या वाट्याला सुमारे ३९० येतात. ओळीत ५० अक्षरे धरली तर एका अक्षराला आठ बिंदूही मिळत नाहीत. रोमन लिपीतले ‘ई’ किंवा ‘ओ’ आठ बिंदूंत ओळखता येते. ‘क्ष’, ‘ष्ट्य’, ‘र्द्र’ आठ बिंदूंत काढून दाखवा! चौकटीच्या कागदावर विद्यार्थ्यांना हा प्रयत्न करायला सांगावा, पाच मिनिटांत मुद्दा पटतो. शिवाय आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार असे तीन मजले असतात. ‘मूर्ती’ आणि ‘मुर्ती’ यांतला फरक बारीक पडद्यावर दिसत नसेल, तर शुद्धलेखन शिकवायचे कसे? नंतरच्या पडद्यांत बिंदू पुष्कळ दाट झाले हे खरे. आता अक्षर फुटत नाही. पण ते बारीक होते ते होतेच.

लहान पडद्याच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. पडद्यावरचे पान छापील पानासारखे ठेवावेच कशाला? मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने ओळी पाडून घेऊ शकतो, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. कथा, कविता, इतिहासाचा सलग मजकूर यांच्या बाबतीत हे अगदी मान्य. फोनवर कादंबऱ्या वाचणारे लोक आपण पाहतोच. पण शाळेतले पुस्तक म्हणजे नुसता सलग मजकूर नसतो. विद्युतपरिपथाची आकृती आणि तिच्या शेजारचे स्पष्टीकरण, आवर्तसारणी, महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याची सूची, प्रमेयाची आकृती आणि सिद्धतेच्या पायऱ्या, या गोष्टी एकाच वेळी नजरेसमोर असाव्या लागतात. नकाशा मोठा केला की सूची पडद्याबाहेर जाते. सूची पाहायला गेले की नकाशा हरवतो. दाराच्या फटीतून खोली पाहावी तसे होते. मुलाने ‘रेषाखंड कख’ वाचायचे, बोटाने पान वर सरकवायचे, आकृतीत ‘क’ शोधायचा, पुन्हा खाली यायचे, तोवर सिद्धतेची कितवी पायरी होती ते विसरलेले असते. आणि प्रत्यक्षात आपल्याकडे बरीच ई-पुस्तके छापील पानाची जशीच्या तशी प्रत असतात. तीत ओळी नव्याने पडत नाहीत.

लिहिण्याचेही तसेच. सात इंची पडदा आडवा धरून मराठी कळफलक उघडला की निम्मा पडदा कळफलकच खातो. उत्तराच्या दोन ओळी दिसतात, प्रश्न दिसत नाही. मोठ्या पडद्यावर खाली कळफलक, वर पान, दोन्ही राहतात. विशेष लेखणीने लिहायचे असेल तर हात टेकायलाही जागा लागते. पहिलीच्या मुलाला आपण मोठी पाटी देतो, बोटभर लांबीची देत नाही.

आता मोठ्या पडद्याविरुद्ध जे आहे तेही मांडतो, कारण ते थोडेथोडके नाही. पहिली गोष्ट वजन, आणि वजनापेक्षाही तरफ. आकाश सुमारे ३५० ग्रॅमचा होता, १४.६ इंची टॅब ७२६ ग्रॅमचा, म्हणजे दुप्पट. पण टॅब आपण कडेला धरतो, त्यामुळे मनगटावर येणारा भार वजन गुणिले मध्यापर्यंतचे अंतर असा असतो. लांब कडेने धरल्यास पहिल्यात हे अंतर सुमारे ६ सें.मी., दुसऱ्यात साडेदहा. गुणाकार केला तर दुसऱ्याचा भार साडेतीन पटींहून अधिक. हातात धरून वाचण्याची ही वस्तू नव्हे. तिला मांडी, पाट किंवा टेबल हवे. २०१५ मध्ये सॅमसंगने तर १८.४ इंची टॅब काढला होता, वजन अडीच किलोहून जास्त आणि मागे उचलायला मूठ. त्याला टॅब म्हणणे म्हणजे पाटावरवंट्याला खलबत्ता म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, मोठा टॅब लॅपटॉपसारखा उभा करून त्यावर बोटाने काम करणे. हात सतत पुढे उचलून धरावा लागतो आणि दहा मिनिटांत खांदा भरून येतो. फळ्यावर तास-तास लिहिणाऱ्यांना हे सांगायला नको. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनेही २०१० मध्ये याच कारणासाठी उभ्या स्पर्शपडद्याला नकार दिला होता. जमिनीवर बसून, पुढच्या पाटाला थोडा उतार देऊन त्यावर टॅब ठेवणे हे आपल्या जुन्या लिखाणाच्या मेजासारखे झाले आणि २१ चौरस मीटरच्या घरात तेच शक्य आहे. तेथे लॅपटॉपसाठी टेबल-खुर्ची ठेवायला जागा कुठली?

तिसरी, तो नेण्या-आणण्याची. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको, असे राज्य सरकारने २०१५ मध्येच ठरवले. ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. मोठा टॅब, त्याचे मजबूत आवरण आणि चार्जर मिळून त्यातला मोठा हिस्सा जाणार. आणि पुस्तके घरी राहतील याची खात्री नाही. शिवाय टॅब जितका रुंद आणि पातळ, तितका तो वाकतो. कंपन्यांची स्पर्धा पातळपणाची आहे. शाळेला हवा तो जाड, कडेला रबर असलेला आणि बाकावरून पडला तरी न फुटणारा. अशी वस्तू जाहिरातीत चांगली दिसत नाही, म्हणून ती फारशी कोणी बनवत नाही.

आणि काही कामांना लहान पडदाच बरा. माहुल-शिवडीच्या चिखलपट्ट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते मोजायला, खारफुटीच्या पानांची छायाचित्रे घ्यायला मुलांना नेले तर चौदा इंची टॅबचा उपयोग फार तर डोक्यावर सावली धरायला. तेथे शिक्षकाचा फोन पुरतो.

या सगळ्यावरून दिसते ते असे की मोठा टॅब वर्गात आणि घरात एका जागी ठेवून वापरायचा आहे. मग प्रत्येक मुलाला एक लहान टॅब देण्यापेक्षा एका बाकाला एक मोठा टॅब देणे हा पर्याय तपासायला हवा. शेजारी बसलेल्या दोघांच्या मधोमध टॅब ठेवला तर प्रत्येक जण मध्यापासून २२ सें.मी. बाजूला असतो, ४० सें.मी. अंतरावर हा २९ अंशांचा कल झाला, आणि अक्षरे रुंदीला सुमारे १२ टक्के आक्रसतात. एवढे चालते. सात इंची टॅबवर दोघांना एकत्र वाचताच येत नाही, तेथे अर्धा वर्ग दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो. मात्र बाकाला एक टॅब द्यायचा तर घरी कोण नेणार, हा प्रश्न उरतो. त्याला आमच्याकडे उत्तर नाही. छापील पुस्तक घरी असावे, हे त्यातल्या त्यात बरे.

हे सर्व न मानता स्वतः पडताळून पाहायचे असेल तर खर्च काहीच नाही. जुन्या पुठ्ठ्यात तीन खिडक्या कापा : ९.१ गुणिले १५.२, १३.६ गुणिले २१.८ आणि १९.७ गुणिले ३१.५ सें.मी. हे सात, दहा आणि साडेचौदा इंची पडदे झाले. भूगोलाच्या नकाशाचे पान घेऊन मुलांना एकेका खिडकीतून, पुठ्ठा सरकवत, पाच प्रश्नांची उत्तरे शोधायला सांगा आणि वेळ मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच पानाची ४४, ६५ आणि ९४ टक्के आकाराची झेरॉक्स काढून आणा. मुलांना नेहमीसारखे वाचायला सांगा आणि एकाने शांतपणे, वाचणाऱ्याला न सांगता, डोळा आणि कागद यांतले अंतर फूटपट्टीने नोंदवावे. सांगितले की मुले सावध होऊन कागद लांब धरतात. आठवी ते दहावीच्या वर्गात ही नोंद आलेखावर मांडून घेता येईल. कागद लहान होत जाईल तसे अंतर किती घटते आणि ते वर काढलेल्या अंतरांच्या जवळ जाते का, हे कळेल. काही मुले कागद जवळ न आणता डोळे बारीक करतील. त्यांची नावे स्वतंत्र लिहून ठेवावीत आणि पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगावे.

पुढच्या वेळी कोणत्याही शाळेसाठी टॅब घ्यायची वेळ येईल तेव्हा मागणीपत्रात ‘पडदा : इतके इंच’ असे लिहू नये. ‘पाठ्यपुस्तकाचे अखंड पान मूळच्या किमान ८५ टक्के आकारात दिसावे’ असे लिहावे आणि नमुन्याचा टॅब आला की त्यावर फूटपट्टी ठेवून पाहावी. या अटीत ४ : ३ गुणोत्तराचा साडेबारा इंची टॅब बसतो, १६ : १० चा १३.३ इंची बसतो. सोळास नऊचा मात्र साडेचौदा इंची लागतो. कोणता स्वस्त पडेल ते पुरवठादाराने सांगावे.